कानानं वाचलेलं पुस्तक

वाचकहो, तुमच्या घरात पुस्तक वाचणारी माणसं किती, असं कुणी विचारलं तर तुम्ही शाळा-कॉलेजात जाणारी पोरं मोजाल. म्हाताऱ्यांना मोजणार नाही, आणि दिवसभर रानात वाकलेल्या बाईला तर नाहीच नाही. एकाची नजर गेलेली, दुसरीला सवड नाही, तिसरीला अक्षरओळखच नाही. पण या तिघांनाही गोष्टीची भूक असते. पोटाची भूक दिसते, ही भूक दिसत नाही, एवढाच फरक. त्या भुकेविषयी आज तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात कोरेगावकडं, आणि सासर सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात. ऊस आणि हळद ही आमची पिकं. आमचे सासरे आबा सातवीपर्यंत शिकलेले, पण वाचनाचा नाद असा की गावच्या वाचनालयातलं पुस्तक रानात नेऊन, पाणी सरीच्या शेवटाला पोचेपर्यंत बांधावर बसून वाचायचे. काही वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू झाला. मोतीबिंदू काढला की नजर परत येते, काचबिंदूचं तसं नाही. डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत जाते, आणि गेलेली नजर मागं फिरत नाही. औषधानं उरलेली राखता येते एवढंच. बहुतेकांना तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळे अधूनमधून तपासून घ्यावेत, हे जाता जाता सांगून ठेवते.

आबांनी तक्रार कधी केली नाही. पण एक दिवस म्हणाले, "माझी पुस्तकांची पेटी वाचनालयाला देऊन टाका. घरात धूळ खाण्यापरीस कुणाच्या तरी नजरेखालनं जाऊ द्या." बोलणं साधंच होतं, पण माझ्या पोटात कालवलं. माणूस आपली आवडती वस्तू अशी वाटू लागला की त्यानं मनात काहीतरी आवरायला घेतलेलं असतं.

आमच्या थोरलीनं तेव्हा मोबाइलवर 'श्यामची आई' लावून दिलं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक कुणाला ठाऊक नाही? पण त्याची रचना आठवून पाहा. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रोज रात्री श्याम आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो आणि ते ऐकतात. आबांनी चार-पाच रात्री ऐकल्यावर थोरलीला म्हटलं, "पोरी, हे पुस्तक मी तीनदा वाचलं असंल. पण ते सांगायचं पुस्तक आहे, हे आज कळलं." पेटीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही मोबाइलची नवी नवलाई. पण मंडळी, पुस्तक कानानं वाचायची रीत आपल्याकडं नवी कुठं आहे? चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी लागते. वाचणारा एक, ऐकणारं सारं गाव. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' १७०२ सालचा, 'पांडवप्रताप' १७१२ सालचा. तेव्हापासून तीनशे वर्षं हे ग्रंथ घरोघर पोचले ते बहुतांशी कानांच्या वाटेनंच. ज्या आजीला पाटीवर 'ग' काढता येत नव्हता, तिला अभिमन्यूचा चक्रव्यूह पाठ होता. तिला अडाणी कोण म्हणेल?

पोथीमागून रेडिओ आला. ग. दि. माडगूळकर आपल्या आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले. त्यांचं 'गीतरामायण' १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशा छप्पन्न गीतांनी वर्षभर चाललं. ते लागायच्या वेळी रेडिओला हार घालणारी माणसं होती, असं जुनी मंडळी सांगतात. १९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र झालं. गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर, 'बनगरवाडी' लिहिणारे, तेही पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत वर्षानुवर्षं होते. पुढं शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगावी कथाकथन केलं. नाटक नाही, तमाशा नाही, नुसती कथा सांगायची, आणि ती ऐकायला मैदान भरायचं.

परदेशातही ध्वनिपुस्तकाचा उगम गरजेतूनच झाला. एडिसननं १८७७ साली आवाज साठवणारं यंत्र केलं आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग सांगताना अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख केला. १९३५ च्या सुमाराला अमेरिकेत आणि इंग्लंडात अंधांसाठी तबकड्यांवर पुस्तकं भरून मिळू लागली. इंग्लंडात त्यामागं पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांचा विचार होता. तबकडीमागून कॅसेट आली, कॅसेटमागून सीडी, आणि आता मोबाइल. म्हणजे ज्याला आज आपण करमणूक समजतो, ती आधी आंधळ्याची काठी होती.

आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले, "ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. ही आळशांची वाट आहे." गुरुजींचा मान राखून सांगते, त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. वाचताना अडलं तर आपण थांबतो, पान मागं उलटतो. ऐकताना मन रानात गेलं की गोष्ट पुढं निघून जाते. पात्रं फार असली की नावांचा घोळ होतो. आणि ज्या लेकराला अजून अक्षर पक्कं व्हायचं आहे, त्याच्या हातात पुस्तकच हवं. त्यानं हवं तर पुस्तक समोर धरून ऐकावं. पण ज्याच्यापुढं "वाचू की ऐकू" असा प्रश्नच नाही, ज्याच्यापुढं "ऐकू की काहीच नको" एवढीच निवड आहे, त्याला आळशी कसं म्हणावं?

आणि काही गोष्टी तर कानालाच नीट कळतात. आण्णा भाऊ साठे आमच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. १९२० साली जन्मले, शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असं सांगतात. ते आधी शाहीर, मग कादंबरीकार. १९५९ सालची त्यांची 'फकिरा' आबांना पुन्हा ऐकायची होती. थोरली म्हणाली, मीच वाचते. रोज संध्याकाळी आठ-दहा पानं ती मोठ्यानं वाचायची आणि मोबाइलमध्ये भरून ठेवायची. पहिले दोन दिवस शाळेतला धडा म्हटल्यागत वाचत होती. आबांनी अडवलं. "ही माणसं आपल्या शिवारातली हायेत. त्यांना आपल्यागत बोलू दे." मग त्यांनी एकेक वाक्य म्हणून दाखवलं. जोगणीसाठी गावागावांत झुंज कशी व्हायची, दुष्काळात भुकेल्या माणसांसाठी फकिरा धान्य का लुटतो, हे तिनं विचारलं आणि त्यांनी सांगितलं. नजर गेल्यावर जो माणूस घरात कुणाला काही सांगेनासा झाला होता, तो पुन्हा शिकवू लागला. पुस्तक पोरगी वाचत होती, पण वाचायला शिकवत होते आबा.

यावरून वि. स. खांडेकरांची आठवण होते. तेही सांगलीचेच. १८९८ साली तिथं जन्मले, १९७६ साली मिरजेत गेले. 'ययाति'चे हे लेखक, ज्ञानपीठ मिळालेले पहिले मराठी साहित्यिक. उतारवयात त्यांची दृष्टी गेली, तरी लिहिणं थांबलं नाही. ते सांगायचे आणि लेखनिक लिहून घ्यायचा. विचार करा, एवढा मोठा लेखक तोंडानं लिहू शकतो, तर आपला म्हातारा कानानं का वाचू नये?

माहेरची गोष्ट आणखी वेगळी आहे. माझी आई शाळेत गेलीच नाही. कर्मवीरांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली, सातारा जिल्ह्यात गावोगाव शाळा झाल्या, पण माझ्या आईच्या वाट्याला शेळ्या आल्या. गेल्या वर्षी भावाच्या मुलीनं तिला हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' लावून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला 'करमणूक' साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः येत होती. बालपणी लग्न झालेली आणि पुढं विधवा झालेली यमू आपली कथा आपल्याच तोंडानं सांगते. आईनं हळदीची बोटं निवडता निवडता ती ऐकली. संपली तेव्हा बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझी आत्या अशीच होती." आणि तिनं त्या आत्याची सारी हकिगत सांगितली. वयाच्या पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं, उभा जन्म भावाच्या घरी राबण्यात गेलेला. आम्ही पाच भावंडं, पण त्या आत्याचं नावसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकानं माझ्या आईचं तोंड उघडलं. पुस्तकाकडून याहून जास्त काय मागायचं?

बायांनो, तुमच्यासाठी आणखी एक सांगते. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या. हात दळणात आणि मन ओवीत. गिरणी आली, कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण हातातल्या कामाबरोबर चालणारं जे काही होतं, तेही त्याबरोबर गेलं. आज तासगावकडं बेदाणा निवडायला, द्राक्षाची विरळणी करायला, नाहीतर शेंगा फोडायला बाया तासन्‌तास बसतात. हात गुंतलेले, कान रिकामे. मधे एक मोबाइल ठेवून रोज अर्धा तास गोष्ट ऐकली तर काम अडत नाही, आणि दुपारी भाकरी खाताना बोलायला शेजारणीच्या सुनेपेक्षा चांगला विषय मिळतो.

आता थोडं व्यवहाराचं. कादंबरी आठ-दहा तासांची असते, म्हणून एका बैठकीत संपवायच्या भरीला पडू नका. रोजचा एक वेळ ठरवा. साध्या प्रतीचं ध्वनिमुद्रण तासाला तीसेक एमबी जागा घेतं, म्हणजे दहा तासांची कादंबरी तीनशे एमबीत बसते. रेंज असेल तिथं उतरवून घेतली की रानात रेंज लागत नाही. म्हाताऱ्या माणसासाठी वाचण्याचा वेग थोडा कमी करता येतो. झोपताना ऐकायचं असेल तर वीस-तीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, ती लावावी.

रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला जाणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगते, दोन्ही कानांत इअरफोन घालू नका. कऱ्हाड, शिराळा, वाळवा या भागांत उसात बिबट्या असतो, बांधावर घोणस असते. रानात कान हाच राखणदार. ऐकायचंच तर मोटारीच्या खोलीत बसून, मोबाइलचा आवाज उघडा ठेवून ऐका. ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवताना तर नकोच.

पैशाचंही सांगते. लेखक वारल्यावर साठ वर्षं त्याच्या पुस्तकावर हक्क राहतो. हरिभाऊ १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली, म्हणून त्यांची पुस्तकं आता सर्वांना मोकळी आहेत. आण्णा भाऊ १९६९ साली गेले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांवर २०२९ सालच्या अखेरपर्यंत हक्क आहे. त्यामुळं थोरलीनं भरलेली 'फकिरा' आबांपुरतीच घरात आहे, ती आम्ही कुठं पसरवली नाही. अंध माणसासाठी, नफा न घेता, अशी वापरता येणारी प्रत करायला आपल्या कायद्यानं २०१२ च्या दुरुस्तीत मोकळीक दिली आहे. बाकी हक्काची पुस्तकं वर्गणी भरून रीतसर ऐकावीत. लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचंही पोट त्यावर असतं.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरीच्या त्या गावात घराघरांत पुस्तकं मांडली आहेत. तशी पुस्तकं आपल्या गावात आज नसतील. पण ज्या घरात एक पोर मोठ्यानं वाचणारं आहे आणि एक म्हातारं ऐकणारं आहे, ते घर पुस्तकांचंच घर समजा. मोबाइल नसला तरी चालेल. आज रात्री जेवणं उरकली की टीव्ही अर्धा तास बंद ठेवा, पोराच्या हातात एखादं चांगलं पुस्तक द्या, आणि घरातल्या थोरल्या माणसाजवळ बसवा. पहिल्या दिवशी पोर अडखळेल, म्हातारं पेंगेल. चौथ्या दिवशी म्हातारंच विचारील, "काल कुठवर आलो होतो रे?"