निपाणी : पान एकाचे, भाव दुसऱ्याचा

बेळगावहून कोल्हापूरकडे जाणारा प्रवासी संकेश्वर मागे टाकून तवंदीचा घाट उतरला, की निपाणीच्या शिवारात येतो. मराठी बोलणारे हे गाव कर्नाटकात आहे. परंतु सीमाप्रश्नाइतकेच त्याचे नाव विडीच्या तंबाखूशी निगडित आहे. माघाच्या सुमारास आम्ही तेथे उतरलो, तेव्हा वखारींच्या बाजूने येणारा उग्र दर्प पावलोपावली जाणवत होता.

तंबाखूचे बी इतके बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांवर दाणे भरतात. पावसाळ्याच्या आरंभी वाफ्यात तरवा टाकावयाचा, पुढे रोपे लावावयाची, कोळपण्या करावयाच्या, पानात जोर उतरावा म्हणून शेंडा खुडावयाचा आणि मग फुटणारे फुटवे पुन्हा पुन्हा काढावयाचे. शेवटी कापणी आणि उन्हात वाळवण. एवढी मजुरी खाणारे पीक कोरडवाहू शेतकऱ्याने पत्करले, ते रोख पैशासाठी.

खरी मेख मात्र बाजारात आहे. ज्वारीला भाव आला नाही तर ती कणगीत राहते, घरची माणसे खातात, कडबा गुरांपुढे पडतो. तंबाखूने ना कुटुंबाचे पोट भरते, ना गुरांचे; ओल लागली की पानाची प्रतही उतरते. विकणारे हजारो, घेणारे मूठभर. प्रत ठरवणार व्यापारी आणि भावही ठरवणार तोच. माल आधी वखारीत जाई, पैसे मागाहून हप्त्याहप्त्याने हाती येत. मधल्या काळात घर कर्जावर चाले.

या व्यथेतूनच मार्च १९८१ मध्ये शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्यांची मागणी दानाची नव्हती, दामाची होती.

याच कर्नाटकात म्हैसूरकडील व्हर्जिनिया तंबाखूचा जाहीर लिलाव तंबाखू मंडळाच्या फलाटावर १९८४ पासून होतो. विडीची तंबाखू त्या व्यवस्थेबाहेर राहिली. राज्य एक, पीकही एक. एकाची बोली चारचौघांत, दुसऱ्याचा सौदा वखारीच्या दाराआड.

आता या शिवारात ऊस आणि सोयाबीन पसरले आहेत. तंबाखू आरोग्यास घातक आहे, हे आम्ही शिक्षक वर्गात सांगतो. तिचे क्षेत्र घटल्याचा आम्हांस खेद नाही. परंतु पीक बदलले म्हणजे शेतकऱ्याचा प्रश्न सुटला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. उसाचा किमान दर हंगामापूर्वी जाहीर होतो, म्हणून तो लावणाऱ्यास निदान अंदाज बांधता येतो. ज्याला बी पेरताना भाव ठाऊक नसतो आणि माल देतानाही तो विचारता येत नाही, त्याच्या घामाचा हिशेब दुसऱ्याच्याच वहीत राहतो. निपाणीने हा धडा रक्त सांडून शिकवला आहे. सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे, तो विसरणे कोणत्याही गावास परवडणारे नाही.