जासुदाचा चेहरा

मराठी दप्तरांत हेरासाठी एकच ठरलेला शब्द नाही, आणि हेरांविषयी लिहू पाहणाऱ्याची पहिली फसगत बहुधा इथेच होते. 'जासूद' हा शब्द दिसला की त्याला हेर वाचण्याचा मोह होतो. पण पेशवेकालीन पत्रव्यवहारातला जासूद हा मुख्यतः टपाल पोचवणारा, बहुधा जोडीने धाडला जाणारा निरोप्या असे, आणि वाटेत जे दिसले-ऐकले ते पोचल्यावर तोंडी सांगत असल्यामुळे तो बातमीदारही ठरे. टपाल कुठे संपले आणि हेरगिरी कुठे सुरू झाली, हे कागद सांगत नाही. शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाइकांसारख्या नावाजलेल्या हेराबाबतही समकालाच्या जवळचा आधार विरळ आहे: राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत ते १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी आणि १६७९ च्या जालन्याच्या स्वारीनंतर परतीच्या वाटेवर, असे ओझरते येतात. उरलेले बहिर्जी, म्हणजे वेषांतरे, सांकेतिक भाषा आणि हजारो हेरांचे खाते, हे पुष्कळसे नंतरच्या कादंबऱ्यांनी आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या मजकुरांनी पुरवलेले आहेत. जो माणूस ओळखला न जाण्यात तरबेज होता, त्याच्या चेहऱ्याविषयी चित्रकारांना इतकी खात्री असावी, हे मौजेचेच आहे.

विसाव्या शतकातल्या मुंबईत अडचण उलटी होते, कारण तिथे कागद उदंड आहे. १९२८ च्या एप्रिलपासून सुमारे सहा महिने चाललेल्या गिरणी संपात परळ-लालबागला झालेल्या सभांवर पोलिसांची नजर होती, आणि मार्च १९२९ मध्ये धरपकड होऊन मीरत येथे जो कटाचा खटला चालला, त्यात डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर या कामगार पुढाऱ्यांविरुद्ध त्यांची भाषणेही पुरावा म्हणून मांडली गेली. या नोंदी दोन प्रकारच्या माणसांकडून येतात, आणि ते एक मानणे ही नवख्याची चूक होय: एक उघडपणे सभेत बसून लघुलिपीत, म्हणजे खुणांच्या जलद लेखनात, भाषण टिपणारा सरकारी वार्ताहर, दुसरा गर्दीतला खबऱ्या, ज्याची बातमी अधिकाऱ्याच्या वाक्यांत मुरून वर जाते आणि ज्याला बातमी आणण्याचेच पैसे मिळत असल्याने बातमी नसणे परवडत नाही. पहिल्याचे नाव अनेकदा सापडते. दुसऱ्याच्या जागी एखादे अक्षर, एखादा आकडा किंवा 'विश्वसनीय सूत्र' एवढेच असते.

प्रस्तुत लेखकाची सारी हयात या रिकाम्या जागेभोवती गेली आहे. मराठीत झालेले भाषण अहवालात इंग्रजी होऊन बसते आणि अभ्यासक ते पुन्हा मराठीत आणतो, तेव्हा ती मराठी कोणाची, वक्त्याची, टिपणाऱ्याची, भाषांतरकाराची की अभ्यासकाची, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्याला कधीही देता आलेले नाही. तरीही अशा उलट भाषांतराचा त्याला गर्व होता, आणि आपल्या एका जुन्या पुस्तकातल्या प्रकरणात कामगाराच्या तोंडचा 'जॉबर' हा शब्द साहेबी भेसळ समजून त्याने खोडला आणि तिथे मोठ्या समाधानाने 'मुकादम' बसवला. मोतीबिंदूनंतर फिकी शाई दिसेनाशी झाल्याने गेल्या वर्षापासून त्याच्यासाठी कागद वाचू लागलेल्या विद्यार्थिनीने ते पान पाहून एवढेच म्हटले, "सर, माझे आजोबा साचेखात्यात होते. ते जॉबरच म्हणायचे." त्याच प्रकरणात सभेच्या कडेला, पानाच्या गादीला टेकून उभा असलेला एक खबऱ्याही आहे. तो अहवालात नाही. त्याला लेखकाने उभे केले, कारण वाचकांना तो आवडेल हे ठाऊक होते, आणि वाचकांना तो आवडलाही. बखरीतल्या जासुदाला मिशा चिकटवणाऱ्यांना हसण्याचा अधिकार इथे बराच कमी होतो.

खबऱ्याचे नाव छापावे की नाही हा प्रश्न याहून अवघड आहे. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२ या काळात गिरगावच्या पारेखवाडीसारख्या जागा बदलत चाललेला भूमिगत काँग्रेस रेडिओ एका तंत्रज्ञाने पोलिसांना दाखवला. त्याचे नाव कधीच छापून आले आहे, ते पुन्हा लिहिण्यात काही धाडस नाही. ब्रिटनच्या परदेशी गुप्तहेर खात्याच्या १९०९ ते १९४९ या काळाचा अधिकृत इतिहास २०१० साली प्रसिद्ध करणारे कीथ जेफ्री यांनी आधी उघड न झालेल्या हस्तकांची नावे न देण्याचे मान्य केले होते. सरकारची अट असली की इतिहासकाराचे ओझे हलके होते; गिरगावातल्या चाळीची मात्र अशी लेखी अट नसते. तारखा, रकमा आणि पत्ते जुळवून प्रस्तुत लेखकाने एका खबऱ्याचे नाव बऱ्याच वर्षांपूर्वी जवळजवळ नक्की केले होते. ते त्याने छापले नाही, आणि त्याचे कारण नेहमी 'हयात वारस' असे सांगितले. खरे कारण अनेकदा हेही असते की छापले की ते सर्वांचे होते, आणि न छापता ते एकट्याच्या मालकीचे राहते.

गेल्या पावसाळ्यात त्याच खबऱ्याच्या प्रकरणाशी संबंधित एक कागद विद्यार्थिनीच्या हाती आला, ज्यावरचे नाव तत्कालीन शाईने गिरवून बुजवले आहे. तिने तो खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि ठेवून द्यावा का, असे विचारले. "राहू दे," असे लेखक म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने खिशातले भिंग काढून तिच्यापुढे धरले.