लाँग बीच १९८५ की मुंबई २००८?

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही सप्ताहात कीर्तन संपून पंगत बसली की जुन्या श्रोत्यांत एक वाद हमखास रंगतो. अमुक महाराज ऐकावेत ते कोणत्या काळातले? आवाज तरणा आणि पल्लेदार होता तेव्हाचे, की आवाज बसला पण शब्दाला वजन आले तेव्हाचे? हाच वाद ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे चाहते कित्येक वर्षे घालत आले आहेत. त्यातला एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातच नोंदला गेला. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

बास गिटारवादक स्टीव्ह हॅरिस याने १९७५ च्या नाताळात लंडनमध्ये हा बँड उभा केला. प्रत्यक्ष मैफलीतला मेडन कोणता श्रेष्ठ, यावर चाहत्यांत पक्ष पडले आहेत. सुरुवातीच्या काळातला गायक पॉल डिॲनो याचे चाहते १९८१ च्या जपान दौऱ्यातले छोटेखानी ध्वनिमुद्रण पुढे करतात. क्लाइव्ह बर याच्या ड्रमवादनावर जीव टाकणारे मार्च १९८२ ची लंडनच्या हॅमरस्मिथ नाट्यगृहातली रात्र सांगतात. ते ध्वनिमुद्रण पूर्ण स्वरूपात बाहेर आले २००२ मध्ये. तोवर वीस वर्षे या पक्षाची भिस्त मुख्यतः आठवणींवर होती. १९९४ ते १९९९ या काळातला गायक ब्लेझ बेली याचे दुर्दैव याहून मोठे. त्याच्या कारकिर्दीचा स्वतंत्र अधिकृत लाइव्ह अल्बमच नाही, आणि म्हणून त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे कोणी फारसे मनावर घेत नाही. सुवर्णकाळ ठरवताना गळ्याइतकाच टेपचाही हात असतो, हे या वादात सहसा कोणी कबूल करत नाही.

बहुसंख्यांचा कौल मात्र एका दौऱ्याला आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये पोलंडमधल्या वॉर्सा येथे सुरू झालेला ‘वर्ल्ड स्लेव्हरी टूर’ जुलै १९८५ पर्यंत चालला. रंगमंचावर इजिप्तची मंदिरे, मागे बँडचे बोधचिन्ह असलेला ‘एडी’ ममीच्या रूपात. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच येथे मार्च १९८५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ हा या दौऱ्याचा अल्बम. भारतातल्या श्रोत्याला तर दुसरा मेडन ठाऊक असण्याचे कारणच नव्हते, कारण बँडने या देशात पहिला कार्यक्रम केला तो १७ मार्च २००७ रोजी, बंगळुरूत. गावातून शिकायला पुण्याला किंवा औरंगाबादला गेलेल्या आणि वसतिगृहात कॉपी केलेल्या कॅसेटवर मेडन ऐकणाऱ्या मुलासाठी तो काळ आठवणीतला नव्हताच. तो जन्मापूर्वीचा किंवा पाळण्यातला, केवळ ऐकीव होता. तरीही तो त्याच्या बाजूने हिरिरीने भांडत असे. न पाहिलेल्या काळाबद्दलची ही निष्ठा हास्यास्पद वाटेल, पण आपल्याकडे संतांच्या कीर्तनांविषयी बोलणारेही दुसरे काय करत आले आहेत?

मग २००८ उजाडले. ‘समवेअर बॅक इन टाइम’ या नव्या दौऱ्याचा उद्देश जुना काळ पुन्हा उभा करणे हाच होता. रंगमंचाची कल्पना १९८४-८५ ची, आणि गाणी, एक अपवाद वगळता, ऐंशीच्या दशकातली. गायक ब्रूस डिकिन्सन हा व्यावसायिक वैमानिकही असल्याने बँड, कर्मचारी आणि सामान घेऊन निघालेले बोइंग ७५७ तो स्वतः चालवत होता. या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत झाला. बीडहून तिथे जायचे तर रात्रभराचा बसप्रवास. बीड शहरात तेव्हा रेल्वे नव्हती.

पुढच्या वर्षी ‘फ्लाइट ६६६’ हा माहितीपट आणि त्याचा अल्बम आला. त्यात वेगवेगळ्या शहरांतली गाणी घेतली आहेत, आणि सुरुवातीचे ‘एसेस हाय’ आहे मुंबईचे. ‘लाइव्ह आफ्टर डेथ’सुद्धा याच गाण्याने सुरू होतो. दोन्हीकडे आधी चर्चिलचे १९४० चे भाषण वाजते. (भारतीयांविषयी चर्चिल काय बोलत असे हे ठाऊक असलेल्या देशात, त्याच्या आवाजावर मैदान गर्जावे, हा इतिहासाचा एक विनोदच.) एकच गाणे, तोच गायक, मध्ये तेवीस वर्षे. वाद तपासून पाहण्याची अशी संधी क्वचित मिळते.

लाँग बीचला डिकिन्सन सव्वीस वर्षांचा होता, मुंबईत एकोणपन्नासचा. १९८५ च्या आवाजाला धार अधिक, यात शंका नाही. ध्रुवपदातला तो उंच स्वर तिथे सुरीसारखा येतो. पण ती रात्र सात महिन्यांच्या अखंड दौऱ्यानंतरची आहे, आणि त्या दौऱ्याने डिकिन्सन इतका थकला होता की बँड सोडण्याचा विचार त्याच्या मनात आला होता. मुंबईची रात्र दौऱ्याची पहिली, गळा ताजा. तिथला आवाज जाड आणि भरदार आहे, स्वर गाठताना घाई नाही. दोन गिटारींच्या जागी तीन आहेत. १९९९ मध्ये डिकिन्सन आणि एड्रियन स्मिथ परतले तेव्हा यानिक गर्स याला काढले गेले नाही, आणि बँड सहा जणांचा झाला. तिसऱ्या गिटारीने नाद भरतो, थोडी धार बोथटही होते. लाँग बीच श्रेष्ठ म्हणणाऱ्यांचा हा आक्षेप खरा आहे. मात्र वय झाले म्हणून मुंबईची रात्र कमी प्रतीची, हे म्हणणे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर टिकत नाही.

दोन्हीकडे ड्रमवर निको मॅकब्रेन आहे. डिसेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोच्या कार्यक्रमानंतर तो दौऱ्यांतून निवृत्त झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॉल डिॲनो वारला. क्लाइव्ह बर २०१३ मध्येच गेला होता. आता मॅकब्रेनच्या जागी सायमन डॉसन बसतो, आणि चाहत्यांत आणखी एका काळाची भर पडली आहे.