आधी बारसे, मग जन्म

वय लपवण्याबद्दल आपण माणसांना उगीच नावे ठेवतो. संगणकातल्या फायली या विद्येत आपल्या कितीतरी पुढे आहेत. घरचे जुने दप्तर नव्या डिस्कवर उतरवून घ्या आणि विंडोजला एखाद्या फाइलची जन्मतारीख विचारा. ते नकलेचा दिवस सांगते. 'शेवटचा बदल' मात्र बहुधा जुनाच राहतो. म्हणजे बदल २००९ साली आणि जन्म २०२३ साली! फोटोच्या पोटात कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख असते खरी. पण व्हॉट्सॲपवरून तो नेहमीसारखा धाडला, की तीही गळून पडते.

मराठी शिकवणाऱ्याला याचे नवल वाटू नये. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले. मूळ प्रत गेली, नकला उरल्या. नकलेवरचा शक नकलकाराचा, ग्रंथाचा नव्हे. अशा वेळी अभ्यासक पोथीलाच बोलते करतात.

आईच्या आवाजासाठी मलाही तेच करावे लागले. अकोल्याच्या घरी ताईने फोनवर टिपलेल्या तिच्या चार ओव्या माझ्यापाशी आहेत. आई २०१९ साली गेली आणि फाइलवर तारीख २०२१ ची, कारण ताईने ती मला तेव्हा धाडली. पुढे तो फोनही निकामी झाला. ताई म्हणे, "अरे, हे दुखण्यातलं आहे. आवाज किती बारीक लागलाय!" म्हणून ती ते कधी ऐकतच नसे.

एका रात्री मी शेवटपर्यंत ऐकले. मागे कुलर घरघरत होता. ओव्या संपल्यावर आई म्हणते, "जावई येतीन आता, धोंड्याचं पुरन वाटाचं हाये." धोंडे म्हणजे अधिक महिना! ताईचा फोन २०१६ चा. तेव्हापासून आई जाईपर्यंत अधिक महिना एकच आला, १६ मे ते १३ जून २०१८ चा ज्येष्ठ. दुखणे तर त्या वर्षीच्या दिवाळीनंतरचे. फोन लांब ठेवलेला असणार, एवढेच. आई पुरणाच्या घाईत होती.

ताईला कळवले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाठव बरं ते पुन्हा."

पाठवण्यापूर्वी फाइलचे नाव बदलले: '२०१८ अधिक ज्येष्ठ, आई, अकोला'. नावातच लिहिलेली तारीख कितीही नकला झाल्या तरी सोबत जाते. जुने नकलकार आपल्या शकाबरोबर मूळ शकही कित्येकदा उतरून घेत, ते काही हौसेखातर नव्हे.