माणशी फितरा

मुलं लहान होती तेव्हा ईद पावसात यायची. २०१५ ची ईदुल फित्र १८ जुलैला होती. वैशाखऱ्यात, माळशेजच्या पायथ्याशी, त्या दिवसांत चाँद कुठला दिसायला! फोनवर बातमी आली की आमची धावपळ सुरू. न सुकलेले कपडे इस्त्रीने सुकवायचे, मध्यरात्रीपर्यंत खारका-बदाम कापायचे. पहाटे तिघं ईदीसाठी उशाशी हजर.

चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरसाल अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ३१ मार्चला आली. धाकट्याने दहावीचे शेवटचे पेपर रोजा ठेवूनच दिले. थोरली भिवंडीला सासरी. तिची पहिली ईद आता तिकडची, आणि तसंच असावं. मधला पुण्यात नोकरीला. नमाज झाल्यावर त्यानेच आम्हाला फोनवरून ईदी पाठवली. घ्यावी की नको कळेना. घेतली.

खरं जाणवलं ते फितऱ्याच्या वेळी. लहान मुलांचा फितरा बापाने द्यायचा; वर्षानुवर्षं वहीत आमच्या नावापुढे पाच माणसं असायची. यंदा मधल्याचा फोन आला, "अब्बा, माणशी गहू किती धरायचे?" म्हटलं, आपण पावणेदोन किलो धरतो, भाव तिथलाच लाव. थोरलीचाही तिच्या घरून गेला. आमच्या नावापुढे तीन.

शीरखुर्म्याचं दूध मात्र अजून पाच जणांचंच आणतो. उरलेला शेजारी जातो, आणि कोऱ्या नोटा शेजारच्या पोरांना.