बोगद्याअलीकडे पाऊस, पलीकडे पामची झाडं

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोक्यात यश चोप्रांचा सिनेमा सुरू होतो. बर्फ, शिफॉनची साडी, हिरवीगार कुरणं आणि गळ्यात घंटा बांधलेली गाय. टूरवालेही तेच दाखवतात. इंटरलाकेन, टिटलिस, युंगफ्राउ, फोटो काढा, बसमध्ये बसा! पण या देशाची खरी गंमत त्याच्या उंच-सखलपणात आहे. आकार म्हणाल तर महाराष्ट्रात असे सात स्वित्झर्लंड आरामात बसतील. तेवढ्याशा जागेत १९३ मीटर उंचीवरचं माज्जोरे सरोवर आहे आणि ४,६३४ मीटरचं डुफुरश्पिट्झ शिखरही. मग सगळीकडे एकच हवामान कसं चालेल?

पटत नसेल तर झुरिकहून गोटहार्डच्या जुन्या रेल्वेमार्गाने दक्षिणेकडे निघा. २०१६ मध्ये सुरू झालेला ५७ किलोमीटरचा नवा बोगदा लवकर पोचवतो, पण खिडकीतून दिसतो नुसता काळोख. सुट्टीवर आलोय ना, मग घाई कशाला? जुनी गाडी वळणं घेत घाट चढते. वासेन गावचं चर्च तीनदा दिसतं, दर वेळी वेगळ्या उंचीवरून. मग गोशेनेनला गाडी १८८२ सालच्या बोगद्यात शिरते आणि १५ किलोमीटरनंतर ऐरोलोला बाहेर येते. तोवर पाट्या जर्मनच्या इटालियन झालेल्या असतात आणि कित्येकदा आभाळही बदललेलं असतं. अलीकडे पाऊस, पलीकडे लख्ख ऊन, किंवा बरोबर उलटं. आणखी खाली लोकार्नोला उतरलात तर तळ्याकाठी चक्क पामची झाडं!

ही सगळी करामत आल्प्सची. देशाचा सुमारे ६० टक्के भाग याच डोंगरांनी अडवलाय. दक्षिणेकडून आलेली दमट हवा उतार चढते, थंड होते आणि तिथेच पाऊस पाडून मोकळी होते. पलीकडे उतरते ती कोरडी आणि गरम होऊन. आपल्याकडे महाबळेश्वर धो धो भिजत असताना वाईत छत्री मिटलेली असते, त्यातलाच प्रकार. या गरम वाऱ्याला तिथे 'फॉन' म्हणतात. जर्मनमध्ये हेअर-ड्रायरलाही तोच शब्द आहे. डोकं दुखलं की लोक फॉनच्या नावाने बोटं मोडतात. पण तो कायम इतका निरुपद्रवी नसतो. १८६१ साली फॉन वाहत असताना लागलेल्या आगीत ग्लारुस शहराचा मोठा भाग जळून गेला.

हिवाळ्यातली तऱ्हा आणखी वेगळी. युरा आणि आल्प्स यांच्या मधल्या सखल पट्ट्यात थंड हवा वाटीत साचावी तशी साचते. झुरिक, बर्नवर दिवसेंदिवस धुक्याचं झाकण. अशा वेळी झुरिकच्या ट्रॅमवर 'युटलीबर्ग हेल' अशी पाटी झळकते. घाबरू नका, जर्मनमध्ये 'हेल' म्हणजे उजेड! शहराशेजारच्या ८७० मीटरच्या टेकडीवर ऊन पडलंय, एवढाच निरोप. युरामधल्या ला ब्रेविनला मात्र ऊन-बिन विसरा. तिथे जानेवारी १९८७ मध्ये पारा उणे ४१.८ अंशांवर गेला होता.

आणि नैऋत्येचा व्हाले प्रांत? दोन्ही बाजूंनी उंच पर्वत, त्यामुळे ढग बाहेरच रिकामे होतात. सिओनला वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस. तरी तिथे द्राक्षं आणि जर्दाळू पिकतात, कारण शेतकऱ्यांनी कित्येक शतकांपूर्वीच कड्यांवरून पाट काढून वरचं हिमनद्यांचं पाणी खाली आणलं.

तोच बर्फ आता झपाट्याने चाललाय. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचा सुमारे दहावा हिस्सा वितळला. फुर्का घाटाजवळ ऱ्होन हिमनदीच्या एका भागावर उन्हाळ्यात पांढरी कापडं पांघरतात, तेवढंच वितळणं कमी. याच व्हालेमध्ये, लोएत्शेनटाल खोऱ्यात, ब्लाटेन नावाचं टुमदार लाकडी घरांचं गाव होतं. मे २०२५ मध्ये वरच्या डोंगराचे कडे हिमनदीवर कोसळू लागले, तसं तज्ज्ञांच्या सल्ल्याने सुमारे ३०० गावकऱ्यांना बाहेर काढलं, गुरंही हलवली. २८ मे रोजी हिमनदीच खाली आली. एका माणसाचा जीव गेला. गावाचा बहुतेक भाग दगड-बर्फाखाली गाडला गेला आणि उरलेल्या घरांत अडलेल्या लोन्झा नदीचं पाणी शिरलं.