दगडाच्या पोटातलं गाव

गोड्या मसाल्यातलं दगडफूल तुमच्या ओळखीचं असेल. नाव फूल असलं, तरी तो बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार असतो. याच दगडफुलाचे काही लांबचे नातेवाईक चक्क दगडाच्या आत राहतात. त्यांना भेटायचं, तर थेट अंटार्क्टिका गाठायला हवं.

तिथल्या मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज म्हणजे बर्फाच्या खंडातलं उघडंबोडकं वाळवंट. वर्षाचं सरासरी तापमान उणे २० अंशांच्या आसपास. पाऊस नाहीच, थोडाफार बर्फ पडतो, त्यातलाही बराचसा पाणी न होता हवेत विरून जातो. १९०३ मध्ये कॅप्टन स्कॉट इथल्या एका दरीत उतरले. त्यांना एकही सजीव दिसला नाही.

तुम्हालाही दिसणार नाही. समोर असतील नुसते तांबूस वालुकाश्म. पण त्यांच्या तुटलेल्या कडेकडे नीट पाहा. पृष्ठभागाखाली काळा पट्टा, मग पांढरा, मग हिरवा! सगळं जेमतेम एका सेंटिमीटरच्या आत. इम्रे फ्रीडमन आणि रोझेली ओकाम्पो या शास्त्रज्ञांनी या दऱ्यांमधल्या दगडांत दडलेली जीवसृष्टी १९७६ मध्ये जगासमोर मांडली. त्याच वर्षी व्हायकिंग यानं जीवसृष्टी शोधायला मंगळावर उतरली होती!

हे जगतात कसे? वालुकाश्माचे कण थोडे पारदर्शक असतात, त्यातून उजेड झिरपतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून तळपतो, म्हणून उत्तरेकडे तोंड असलेले दगड हवेपेक्षा बरेच गरम होतात. त्यावरचा बर्फ वितळला, की पाणी बारीक छिद्रांत शिरतं. उन्हाळ्यातल्या त्या मोजक्या तासांत हे जीव जागे होतात, अन्न तयार करतात. बाकीचं वर्ष गोठून झोपेत.

त्यांची वाढ अतिशय संथ. शिवाय त्यांच्यातून पाझरणारं आम्ल दगडाचे कण सुटे करतं, मग वरचा पापुद्रा गळून पडतो. राहत्या घराचं छप्परच जातं! तरी उरलेले जीव आणखी आत सरकून पुन्हा संसार मांडतात.

असे दगड लिनियस टेरेस या ठिकाणी भरपूर आहेत. तिथे परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. कारण ठिसूळ दगडावर चुकून पडलेला एक पाय अख्खं गाव मोडू शकतो, आणि ते पुन्हा वसलेलं पाहायला आपलं आयुष्य पुरणार नाही.